प्रमिलाच्या पेशी

काचेच्या बशीत प्रमिलाच्या हृदयपेशी धडधडत होत्या. ती गेल्यावर कॉलेजातल्या मुलांनी तिच्या त्वचेपासून त्या वाढवल्या होत्या. आता त्या एका आजारी मुलीच्या हृदयाला लावायच्या, तर प्रमिलाच्या नवऱ्याची, दिगंबररावांची, संमती हवी होती.

"काकूंनी त्वचा अभ्यासासाठी दिली होती. यासाठी त्यांना कोणी विचारलंय?" त्या मुलांतली रेवती म्हणाली.

"अगं, पेशी आहेत त्या, काकू नाहीत," मिहीर हसला.

"मग रोज त्यांना गुड मॉर्निंग कशाला म्हणतोस?"



"दहाव्याला कावळा लगेच शिवला होता," दिगंबरराव म्हणाले. "तिची काही इच्छा उरली नव्हती."

"आणि तुमची, काका?" रेवतीने विचारलं.

"माझी आहे. हिला घरी न्यायची."

त्यांनी बशी उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि मिहीरकडे दिली. "जा, ती मुलगी खोळंबली असेल."