चूल पेटली नाही

दोन दिवस माहेरी, बेल्ह्याला राहून सोनीबाई सकाळच्या एसटीने महाळुंग्याला परतली, तेव्हा शेजारच्या मंगलच्या कौलांवर धूर नव्हता. चूल पेटवताना रोज ऐकू येणारा तिचा खोकलाही नव्हता. गेल्याच महिन्यात सोनीबाईने मंगलला मंचरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. "विडी ओढता का?" असं त्यांनी विचारल्यावर मंगल केवढी चिडली होती! "विडी आमच्यात बाप्ये ओढत्यात." डॉक्टर म्हणाले होते, "मग चुलीच्या धुरानंच तुमच्या फुप्फुसांची ही गत केलीय."

रात्रीच सगळं उरकलं असणार. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोनीबाईने डोळे पुसत घाईघाईने पिठलं-भाकरी केली आणि पाटी पदराखाली झाकून निघाली.

दार मंगलनेच उघडलं.

सोनीबाईने आधी तिचा दंड चाचपून पाहिला. "अगं, धूर न्हाई, खोकला न्हाई... मला वाटलं..."

मंगलने आत बोट दाखवलं. नव्याकोऱ्या शेगडीवर चहा उकळत होता. "कालच गॅस आला." मग पाटीतलं पिठलं पाहून ती पोट धरून हसली. "माझ्या नावाचं पिठलं मलाच! बस, दोघी खाऊ."

खाताखाता सोनीबाईला ठसका लागला, तो थांबेचना. मंगलने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुझ्या कौलांवरचा धूर कवा बंद व्हतोय, त्याचीच वाट बघते आता. मी बी पिठलं घेऊन येईन."