नाकारलेला घास

महाकम नदीकाठच्या सभेत कोळशाच्या वीजघराचे साहेब संमतीचा कागद नाचवत म्हणाले, “सौरविजेचं खूळ सोडा. सूर्याचा काय भरवसा? दुसरं धुराडं उभं राहू द्या.” मासळी वाळवून जगणारी मस्तुरा ताडकन उठली. “चाळीस वर्षं त्याच्याच भरवशावर चूल पेटतेय माझी. तो रुसतो, पण परत येतो. मासळी नासवली ती तुमच्या राखेनं!” “राख बाहेर येतच नाही, मावशी,” साहेब हसले. तिनं सुपातली सुकी मासळी पुढं केली. “मग खा की!” “पोट भरलंय.” “आमच्यात म्हणतात, नाकारलेल्या घासाला निदान बोट तरी लावावं, साहेब. नाहीतर वाटेत मगर धरते.” सभेत खसखस पिकली. साहेबांनी घाईघाईनं मासा चिमटीत दाबून कागद तिच्यापुढं सरकवला. पांढऱ्या कागदावर काळाकुट्ट अंगठा उमटला. मस्तुरानं तो सभेपुढं धरला. “सही मिळणार नाही. साक्षीला तुमचाच अंगठा पुरे!”