प्रार्थनेची चाल

साहेब, तो फोन तुम्ही कापलात.

फोन करणारी ती बाई जन्माची तोतरी; फक्त प्रार्थना गाताना तिची जीभ सुटायची. "देवाशी बरी घडाघडा बोलतेस, मीच काय पाप केलंय?" नवरा चिडवायचा. एक दिवस तोच नवरा छाती धरून स्वयंपाकघरात कोसळला. तिने रुग्णवाहिकेसाठी फोन लावला, पण 'प-प'च्या पुढे पत्ता सरकेना. शेवटी तिने देवाला हाक मारली आणि प्रार्थनेच्या चालीवर गल्ली, इमारत, मजला, सगळं न अडखळता गाऊन सांगितलं.

"बाई, गाण्याची हौस घरी भागवा," तुम्ही म्हणालात. गाडी आलीच नाही. नवरा गेला.

आज चौकशीत ते रेकॉर्डिंग लावलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ ऐकू आलं.



बोला साहेब, आता तुमची का बोबडी वळली?