रंगाखालचा तडा

डोंगरउतारावर चालवायची नवी सायकल तिला परवडणारी नव्हती. वर्षभर पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे घेऊन ती वापरलेली सायकल बघायला आली होती. तिचे हात रोज वेल्डिंग करणारे. फ्रेमवरून फिरणारा तिचा अंगठा हँडलखालच्या जोडापाशी अडला. तिथला रंग ताजा होता. तिनं तो नखानं खरवडला, तर खाली बोटभर तडा.

"हे रंग फासून विकताय? उतारावर हँडल तुटून हातात येईल. माणूस जाईल एखादा."

"तुम्हाला नको तर राहू द्या ना, ताई," विकणारा जांभई देत म्हणाला. "अकरा वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशाच एका तड्यापायी तिची मैत्रीण तीन महिने अंथरुणाला खिळली होती. ती घरी गेलीच नाही. हेल्मेट काखेत धरून तासभर उन्हात फाटकापाशी उभी राहिली. विकणाऱ्यानं दोनदा जायला सांगितलं, तरी हलली नाही.

अखेर गिऱ्हाईक आलं. चांगला शिकलासवरलेला, पोक्त माणूस होता. तिनं त्याला सरळ सायकलपाशी नेलं, वाकायला लावलं आणि तडा दाखवला. त्यानं चष्मा वर करून तो नीट पाहिला, तिचे मनापासून आभार मानले आणि विकणाऱ्याकडे वळला.

 

"मग निम्म्या किमतीत द्या. मी कुठे चालवणार आहे, धाकट्या भावाला द्यायचीय."