हाड

"पट्टा ओढायचा न्हाई, नुसता जड ठेवायचा," कोंडीराम म्हणाला. "त्यानं पाऊल टाकलं की लगीच सैल सोडायचा आन् तुकडा द्यायचा."

चैतालीने पट्टा हातात घेतला. चार महिन्यांचं पिल्लू आधी अडलं, त्याने वळून कोंडीरामकडे बघितलं आणि मग ते गेटपासून बी विंगपर्यंत तिच्या पायाशी पायाशी चाललं. वाटेत मांजर आडवं गेलं तरी त्याने ओढ घेतली नाही. कोंडीरामला फार बरं वाटलं.

हिंजवडीच्या त्या सोसायटीत कुत्र्यांना खायला घालायला बंदी होती. वॉचमनने घातलं तर नोकरीच जायची. म्हणून कोंडीराम मोठ्याने "हाड!" ओरडायचा आणि हात खाली ठेवून चपातीचा तुकडा टाकायचा. गॅलरीतून बघणाऱ्यांना वाटायचं, काय कडक माणूस आहे. चौथ्या मजल्यावरच्या चैतालीने मात्र ते ओळखलं. मैत्रिणीचा पट्टा आणून देत ती म्हणाली होती, पिल्लू नीट चालायला शिकलं की मी घरात घेते. पंधरा दिवस कोंडीरामने शिकवलं. शब्द तोच राहिला. पाऊल टाकलं की पट्टा सैल, "हाड" आणि तुकडा.

"किती छान चालतं हो," चैताली म्हणाली. मग वाकून तिने पट्टा सोडवला. "काका, माझं ऑनसाइटचं आलं. परदेशात, दोन वर्षं. परवा निघतेय."

"आज कुत्री धरायची गाडी येतीया, ताई. बिनपट्ट्याची समदी उचलणार हायेत."

"हो, वाचली मी नोटीस. वाईट वाटतं."

"पट्टा तरी ऱ्हाऊ द्या."

"तो मैत्रिणीचा आहे ना. परत द्यायचाय." कंपनीची बस आली होती. पट्टा पर्समध्ये कोंबत ती पळाली.

अकरा वाजता सोसायटीने बोलावलेली गाडी आली. कुत्री कुठे नेणार, हे मीटिंगमध्ये कोणी विचारलं नव्हतं. जाळी घेऊन दोघं उतरले तशी मोठी कुत्री भिंतीखालच्या गटारातून पसार झाली. पिल्लू रस्त्याच्या मधोमध बसून राहिलं.

"हाड!" कोंडीराम जिवाच्या आकांताने ओरडला.

पिल्लू धावत आलं आणि त्याच्यासमोर बसलं.

"हाड! हाड रं, पळ की!"

ते आणखी जवळ सरकलं. कोंडीरामने दगड उचलला, हात वर नेला. पिल्लू शेपूट हलवत त्याच्या मुठीकडे बघत राहिलं. मुठीत काहीतरी असणारच होतं.

जाळी उघडावीच लागली नाही. गाडीवाल्याने पिल्लाला एका हाताने मानगुटीला धरून उचललं.

"चांगलं शिकवलंय की, मामा," तो म्हणाला. "एका हाकेत आलं."