पोटरीतला गोळा

सीताबाईंनी डाव्या डोळ्याची वरची कड एका दमात ओढली, तेव्हा त्यांची पोटरी दगडासारखी आवळलेली होती. कड पुरी झाली, ब्रश बाजूला गेला आणि मगच त्यांनी दोन्ही हातांनी पाय धरला. मूर्तीच्या डोळ्याला केसभरही धक्का लागला नव्हता.

शेजारी पीतांबराला पिवळा रंग देणाऱ्या किमयाने ते पाहिलं. सीताकाकींच्या पायात रात्री वांब येतात, हे हमरापुरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गोळा भर दिवसा कामावर आला तो आज पहिल्यांदाच.

तशी औषधं करायची काही बाकी राहिली नव्हती. दुखणं एकाचं आणि वैद्य गावभर. कुणी ओव्याचं तेल सांगितलं, कुणी उशाखाली लोखंडी किल्ली ठेवायला सांगितली, कुणी रोज दोन केळी खायला. नवरा जगन दोन महिने झोपेतून उठून त्यांच्या पायाचा अंगठा वर खेचत होता. आता तर तो डोळे न उघडताच खेचायचा. गोळा उतरायचा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा हजर. शेवटी काल त्या पेणला डॉक्टरणीकडे जाऊन आल्या.

कारखान्याचा मालक धनेश आत आला तो डॉक्टरणीने काय सांगितलं, हेच विचारत. माणूस वाईट नव्हता. लहानपणी याच काकींच्या हाताखाली ब्रश धरायला बसला होता, आणि हात काही वळला नाही म्हणून मालक झाला, असं काकीच सगळ्यांसमोर सांगत. त्याला काकींची काळजी होती आणि थोडी स्वतःचीही होती. अजून दीडशे मूर्तींच्या डोळ्यांची आखणी राहिली होती. रंग कुणीही लावील, डोळे काकींनीच काढायचे. दुसऱ्या कुणी काढले की गणपती एकतर दचकलेला दिसतो, नाहीतर पेंगुळलेला. काकींनी डोळे काढलेला गणपती आपल्याकडे बघतो. ते कसं, हे त्यांना विचारलं तर त्या म्हणत, मला काय ठाऊक, त्यालाच विचारा.

धनेशने चिठ्ठी मागितली. पेणला चाललोच आहे, औषध घेऊन येतो म्हणाला.

सीताबाईंनी बटव्यातून चिठ्ठी काढून दिली. धनेशने ती वाचली, उलटून पाहिली, पुन्हा वाचली. गोळीचं नाव कुठेच नव्हतं. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, तासाभराने बैठक मोडायची आणि दर तासाला पेलाभर पाणी प्यायचं. खाली रेघ मारून लिहिलं होतं, महिनाभरात फरक पडला नाही तर बसकाम बंद.

धनेशला हायसं वाटलं. पाण्याचं काय एवढं? कोपऱ्यात माठ होता आणि तो रोज भरलेला असायचा. तसं तो म्हणालासुद्धा.

"व्हय, भरलेलाच असतो," सीताबाई म्हणाल्या. "सकाळी भरतोस, संध्याकाळीबी भरलेलाच. आठ बाया बसतात हितं. तुला कधी इचार नाय आला?"

बाकीचे सात ब्रश थांबले. हा विषय बायका आपसात बोलत, पुरुषांपुढे कधीच नाही. कारखान्यातले पुरुष उठून मागच्या बांधाकडे जात. बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत, ते पुन्हा संध्याकाळी घरी पोचल्यावर. दिवसाला पाणी किती पिता, असं डॉक्टरणीने विचारलं तेव्हा सीताबाई आधी हसल्या आणि मग त्यांना एकदम रडूच आलं. तीस वर्षं तहान घरी ठेवून कामावर यायचं, याला दुखण्याचं कारण म्हणतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

धनेश वरमला. माझ्या घरी जात जा की, बायको आहेच घरात, असं काहीतरी पुटपुटला. त्याचं घर रेल्वे फाटकाच्या पलीकडे. जाऊन येईस्तोवर अर्धा तास, असं कुणीतरी मागून हळूच म्हणालं.

"पानी पी म्हनून डॉक्टरीन लिवते," सीताबाई म्हणाल्या. "पिलेलं पानी घेऊन बाईमानसानं जायचं कुठं, ते नाय लिवत. ते औषध पेनला मिलायचं नाय रे. ते तुझ्याकडं हाय."

आवाज चढलेला नव्हता. दीडशे गणपतींचे डोळे त्यांच्या हातात होते. नाही काढत, जा, एवढं म्हणाल्या असत्या तरी धनेशची झोप उडाली असती. ते त्या म्हणाल्या नाहीत. बसकाम गेलं तर त्यांचं काय उरणार होतं, हेही म्हणाल्या नाहीत. पाय झटकला, ब्रश काळ्या रंगात टेकवला आणि उजव्या डोळ्याची कड घेतली. श्वास रोखून, एका दमात. अशा बाईपुढे माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

धनेश बाहेर गेला. शेडच्या मागे त्याची पावलं वाजली, चार इकडे, चार तिकडे. मग तो दारात येऊन उभा राहिला. कुणाकडेही न बघता म्हणाला, "काकी, मिस्त्रीला आजच बोलावतो. दार कुठल्या तोंडाला ठेवू?"

सीताबाईंनी मान वर केली नाही.

"कुठल्याबी तोंडाला ठेव," त्या म्हणाल्या. "कडी आतनं लाव."