वंशावळीचं पान

किरगीझस्तानातल्या नारिन शहरच्या सादिरकुल म्हाताऱ्याने सुनेकडून ब्लॉग शिकायला घेतला तो एकाच हट्टापायी. सात पूर्वज ज्याला ठाऊक नाहीत तो किरगीझ कसला! बेगाइम शेजारी बसून शिकवत होती आणि घरच्या रीतीने अर्धा अर्धा पेला चहा ओतत होती. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे पाहुण्याला ‘आता निघा’ असं सांगणं.

सात नावं, खाली आपलं नाव लिहून त्याने ‘प्रकाशित करा’ दाबलं. पानावर त्याच्या आणि त्याच्या बापाच्या मधोमध कुणी तुरदुबेक येऊन बसला होता.

“हा कोण उपटसुंभ? बापलेकांच्या मध्ये शिरायला लाज नाही वाटत?”

“तुम्हीच टाकलं असेल, बाबा. चष्मा पुसा आधी,” बेगाइम हसली.

त्याने ‘संपादन’ उघडून नाव खोडलं. ते परत आलं. तीनदा खोडलं, तीनदा आलं. चौथ्यांदा त्याने दात-ओठ खात बटण दाबलं.

तुरदुबेक होता तिथेच होता. खालचं सादिरकुल हे नाव मात्र गेलं होतं.

“बघ, बघ या चोराने काय केलं! माझ्याच घरात, माझ्याच...”

बेगाइम अदबीने उठली. डोक्यावरचा रुमाल सावरत, परक्याकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं, किटली उचलली, आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.